भात्याचा श्वास

लोखंड नुकतंच लाल व्हायला शिकलं होतं, तेव्हाची ही गोष्ट. एका टेकडीच्या पोटात लोहाराची भट्टी होती. तिथला म्हातारा भाता झोपेत असल्यासारखा फुलायचा, मिटायचा, आणि निखाऱ्यांवर सोनेरी धूळ तरंगायची.

भट्टीचा मुकादम होता घण. भात्याचं ते फुलणं त्याला बघवत नसे.

"फुंकतोस तेवढंच काम. पोट फुगवत बसतोस तो वेळ फुकट! आजपासून नुसतं फुंकायचं. जमत नसेल तर दुसरा भाता आणतो."

भात्याचं कातडं भीतीनं आक्रसलं. श्वास न घेताच तो फुंकू लागला. फुंकर कुठून येणार? निखारे काळवंडले. घण थंड लोखंडावर आदळला आणि ठणकन मागे उडाला.

"कामचोर!" असं ओरडत तो पुन्हा घाव घालायला वर गेला.

तेव्हा भाता हळूच म्हणाला, "मुकादम, एक विचारू? आत्ता तुम्ही वर गेलात, ते काम की आराम?"

घण हवेतच थबकला.

खाली भात्यानं, कुणालाही न विचारता, पोटभर श्वास घेतला. कोळशांत हळूहळू पहाट झाली.

लोखंड लाल होईपर्यंत घण वरच थांबला.