नव्व्याण्णव वर्षांचं तान्हं

बिस्किट कारखान्याच्या कॉम्प्युटरची परीक्षा चालली होती, दोन हजार साल लागल्यावर तो गडबडतो का, याची. देशमाने साहेबांनी पुढच्या जानेवारीची तारीख घातली. कॉम्प्युटर सालाचे शेवटचे दोनच आकडे धरायचा; त्यानं ९९ आणि ०० यांची वजाबाकी केली. झालं! पॅकिंगमधल्या शेवंताच्या यंदाच जन्मलेल्या लेकाचं वय आलं नव्व्याण्णव, आणि कामगारांच्या मुलांच्या औषधोपचार योजनेतून त्याचं नाव उडालं.

बाळ कडेवर घेऊन शेवंता साहेबांकडे धावली. "साहेब, ह्याला अजून दात नाहीत हो!"

"म्हाताऱ्यांनाही नसतात. कॉम्प्युटर चुकत नाही," साहेब गुरकावले.

शेवंतानं बाळ त्यांच्यापुढे टेबलावर ठेवलं. "मग आधी वाकून पाया पडा, साहेब. तुमच्याहून वडील आहेत ते."

ऑफिस खदखदून हसलं. बाळानं टाय धरून साहेबांना वाकवलंच.

"चुकलाय कॉम्प्युटर," साहेब टाय सोडवत म्हणाले, "आजोबांचं नाव परत घाला!"