बूच लावलेली नळी

“पण सर, त्या एन्झाइमला यातून मिळतं काय?”

शर्वरीने हे विचारलं ते मठाच्या पायरीखाली उभं राहून. नवरात्र होतं, आत घट बसलेले, आणि ही पोरगी काही केल्या वर येईना.

ओट्यावर स्वामी बसले होते. पूर्वी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे, तेव्हाचे दाबके सर. भगवं नेसून वर्षं लोटली, तरी शर्वरीच्या तोंडचं ‘सर’ सुटलं नाही, आणि त्यांनीही ते कधी सोडवलं नाही.

“मिळायचंय काय? को-एन्झाइम बिचारं इलेक्ट्रॉनचं ओझं घेऊन येतं. एन्झाइमने ते उतरवून घ्यायचं, हवेच्या हवाली करायचं. ते रिकामं झालं की दुसरी खेप आणायला मोकळं.”

“आणि एन्झाइम?”

“होतं तसंच.”

शर्वरी म्हणाली, “माझं तिथेच अडलंय.”

अंधारात वाढवलेले मुगाचे कोंब, पिवळेधमक. बर्फात ठेवलेल्या खलात वाटून काढलेला अर्क. सगळं नेहमीसारखं. पण नळीतलं को-एन्झाइम थोडं रिकामं होतं आणि मध्येच काम ठप्प. उरलेलं भरलेलंच राहतं.

“एन्झाइम मेलं म्हणावं, तर नव्या नळीत पुन्हा सुरू होतं. चूक माझी नाही, सर. मी सगळं तपासलंय.”

हे ती ताठ मानेनेच म्हणाली. तिच्या कामाला नावं ठेवायची लॅबमध्ये कुणाची टाप नव्हती, आणि तिलाही ते चांगलं ठाऊक होतं.

“नळीला बूच लावतेस?”

“हो. काठोकाठ भरून.”

“का गं?”

“सांडू नये म्हणून.”

“मग एन्झाइमने ओझं द्यायचं कुणाला? पाण्यात विरलेली थोडी हवा संपली की आत हवाच नाही.”

शर्वरीचा चेहरा उतरला. इतकी साधी चूक, आणि ती आपल्या हातून व्हावी.

“वर ये. बस जरा.”

“नको, सर. सुतक आहे.”

“कुणाचं?”

“चिन्मयचं. माझ्या धाकट्याचं.”

“तुला न्यायला सायकलवर यायचा तो? कॉलेजातले पेरू चोरायचा?”

“तोच.”

“आणि तू लॅबमध्ये?”

“घरी आई सारखी माझ्या तोंडाकडे बघते, सर. मी रडले तर ती कोसळेल. म्हणून घट्ट राहिले. आता आई झोपली तरी रडू येत नाही. टिपूससुद्धा नाही.” “इतका जीव होता माझा त्याच्यावर. माझ्या काळजाचा दगड झालाय का?”

स्वामी गुडघ्यावर हात टेकून उठले, आत गेले आणि तीर्थाचं पंचपात्र घेऊन एकेक पायरी उतरत खाली आले.

“शिवू नका, सर. सुतक—”

“संन्याशाला कसलं आलंय सुतक. हात पुढे कर.”

तिने उजवा हात पुढे केला. तळहातावर पळीभर गार पाणी पडलं. तिने चटकन डावा हात खाली धरला. तीर्थाचा थेंब जमिनीवर पडू द्यायचा नाही, हे तिला आणि चिन्मयला आईने लहानपणी एकदमच शिकवलं होतं. तो तर ओला राहिलेला हात ताईच्या डोक्याला पुसायचा.

तिचे ओठ थरथरले. तिने बोटं आणखी आवळली.

स्वामींनी तिचा खालचा हात धरला आणि हळूच बाजूला केला.

“सर... तीर्थ आहे. सांडेल.”

“सांडू दे, बाळ.”