ठकाईचे माहेर

पालशेव्याच्या खाडीवर तरीच्या होडीतून उतरून डाव्या हाताला वळले, की जांभ्या दगडाचे एक लांबट कौलारू घर दिसते. गावातल्या साऱ्या घरांची तोंडे देवळाकडे, चढावर आहेत. ह्या एकट्या घराचे तोंड पाण्याकडे आहे. परदेशी घरकामाला गेलेल्या आणि तिथून परतलेल्या बायका इथे राहतात. कोणी आठवडाभर राहते, कोणी वर्षभर. पडवीत शिलाईची यंत्रे आहेत, मागच्या खोलीत तालुक्याहून वकीलबाई येऊन बसतात. दारावरच्या पाटीवर संस्थेचे लांबलचक नाव आहे, पण ते वाचण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही. गाव त्या घराला ठकाईचे माहेर म्हणते. पाहुण्यांनी ‘ही ठकाई कोण?’ असे विचारले, की घराची देखरेख करणाऱ्या वच्छलाकाकी गुरव हातातले काम बाजूला ठेवतात आणि पायरीवर बसून सांगू लागतात.

फार मागची गोष्ट आहे म्हणे. समुद्रापलीकडच्या बेटांवर उसाच्या मळ्यांत राबायला माणसे हवी होती आणि मुकादम कोकणात गावोगाव हिंडत होते. ठकाईची लेक आवडी, लग्न होऊन थोडेच दिवस झालेली, नवऱ्याबरोबर गलबतात बसून गेली. ठकाई धक्क्यावर उभी राहून गलबत खाडीच्या तोंडापार होईपर्यंत बघत होती. तिचा नवरा केव्हाच वारलेला. मुलगा रावजी, त्याची बायको आणि दोन वेळची भाकरी, एवढाच तिचा संसार उरला होता.

मग वर्षे गेली. तिकडून परतलेल्या कोणा माणसाने बातमी आणली, की त्या मळ्यावर तापाची साथ आली आणि पालशेव्याचे कोणी वाचले नाही. देहच हाती नाही, तर क्रिया कशी करायची? जाणत्यांनी सांगितले तसे रावजीने पळसाच्या पानांचे दोन पुतळे बांधले, एक मेहुण्याचा आणि एक बहिणीचा, आणि खाडीकाठी त्यांना अग्नी दिला. बहिणीच्या पुतळ्याला ठकाईने आपल्या लुगड्याचा काठ फाडून गुंडाळला होता. तो पेटताना तिने पाहिला आणि त्या दिवसापासून लेकीचे नाव तोंडातून काढले नाही.

आणि एके दिवशी आवडी परत आली.

नवरा खरोखरच तापाने गेला होता. ती जगली, मळ्याचा करार पुरा करून, मिळेल त्या गलबताने बंदरे बदलत बदलत आली. ऊन कलले होते. ठकाई ओटीच्या आतल्या अंगाला नाचणी दळत होती. दारात पावले वाजली आणि “आये” अशी हाक आली. आवाज खरखरीत झाला होता, तरी तो कोणाचा हे तिला कळले. आईला कळणार नाही, असे कसे होईल?

रावजी उंबऱ्यात आडवा उभा राहिला. तो दुष्ट नव्हता, असे काकी मुद्दाम सांगतात. तो भ्याला होता. “तुझं दहावं-बारावं झालंय,” तो म्हणाला. “माझ्या हातानं अग्नी दिलाय तुला. दिल्यावर परत घरात कसं घेऊ? वाळीत पडू आम्ही. माझ्या पोरींची लग्नं कोण करील?”

“मग मी कुठं जाऊ, दादा?”

रावजीने दाराची चौकट धरून ठेवली. आवडीने त्याच्या खांद्यावरून आत पाहिले. आत जाते फिरत होते. ते थांबले नाही. ठकाईने खुंटा सोडला नाही आणि मान वर केली नाही. लेकाच्या भाकरीवर जगणारी म्हातारी, लेकाच्या शब्दाबाहेर जाऊन तिने कुणाच्या आधाराने उभे राहायचे? थोड्या वेळाने पावले उतरून गेली. सून पीठ भरायला आली तेव्हा तिने पाहिले, जात्यात नाचणीचा दाणा नव्हता. सासू रिकामेच जाते ओढत बसली होती.

आवडी खाडीकडे गेली. धक्क्याच्या खाली, भरतीचे पाणी जिथवर येते तिथे एक पडकी खोप होती. ती जमीन ना गावाची, ना समुद्राची. तिने तिथे झावळ्या बांधल्या, खडकांवरच्या शिंपल्यांतली कालवे काढून विकू लागली. गावाने तिच्याकडे पाहायचे नाही असे ठरवले आणि पाहिले नाही.

पुढच्या हंगामाला गलबताने आणखी एक बाई उतरली, वरच्या वाडीतली तानी. तिचीही क्रिया उरकून झाली होती, तिलाही घराने दार लावले. ती धक्क्यावर बसून होती, तर आवडी गेली आणि तिला खोपीत घेऊन आली. मागून दुसऱ्या गावच्या दोघी आल्या. कोणी सांगितले होते त्यांना, की पालशेव्याला एकजण आहे, ती काही न विचारता जागा देते.

तोवर गावाने सोसले. मग एका वर्षी खाडीत मासळी चढली नाही. जाळी रिकामी येऊ लागली आणि बोटे खोपीकडे वळली. ‘क्रिया झालेल्या बायका वेशीत राहतात, मग देवी कोपेल नाहीतर काय?’ गावकीने ठरवले, की गावच्या जाकादेवीला कौल लावायचा आणि ती होय म्हणाली तर खोप पेटवून बायकांना खाडीपार घालवायचे.

कौल म्हणजे देवीचा शब्द. गुरव देवीच्या अंगावर उजवीकडे आणि डावीकडे ओल्या कळ्या चिकटवतो आणि प्रश्न विचारतो. उजवी कळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. सारे गाव देवळात जमले. बायका मागे, खांबांच्या आडोशाला. त्यांत ठकाईही होती. गुरवाने गाऱ्हाणे घातले, “आई, ह्या बायकांना गावाबाहेर घालवावं काय? खरं काय ते सांग.”

कळी पडली नाही. उजवीही नाही, डावीही नाही.

त्याने पुन्हा विचारले. देवीवरचे पाणी सुकले, पाकळ्यांच्या कडा काळवंडल्या, तरी कळ्या जिथल्या तिथे. उभी माणसे बसली. गावाच्या आठवणीत देवी अशी गप्प कधी राहिली नव्हती. 

तेव्हा मागून ठकाई उठली. कौलाला बाईमाणसाने बोलायची रीत नव्हती. रावजीने तिचा हात धरला. “आये, खाली बस,” तो हळूच म्हणाला.

“बसलेच होते रे आजवर,” ती म्हणाली आणि हात सोडवून पुढे गेली.

देवीसमोर उभी राहून ती काय बोलली, ते गावात पिढ्यान्‌पिढ्या जसेच्या तसे सांगतात. “आई, हे तुला चुकीचं विचारतायत. म्हणून तू बोलत नाहीस. मी माझं विचारते. माझी लेक जिवंत होती आणि मी तिला जळताना पाह्यलं. ती दारात आली आणि मी जात्यावरून उठले नाही. आता मी तिच्याकडं जाते. तिच्याकडं गेलेल्या बाईच्या हातचं पाणी तुला चालंल काय, तेवढं सांग.”

शब्द संपले आणि उजवी कळी पडली.

कोणी म्हणते वारा आला असेल. कोणी म्हणते सुकलेली कळी, केव्हातरी पडणारच होती. ज्या गुरवाने ती चिकटवली होती, तो मात्र मरेपर्यंत त्याविषयी एक शब्द बोलला नाही.

ठकाईने देवळाच्या विहिरीवरून कळशी भरली आणि ती डोक्यावर घेऊन खाडीची वाट धरली. तिला कोणी अडवले नाही. तिच्या मनात होते, की लेकीचे पाय धुवायचे. लांबून आलेल्या माणसाला आधी पायावर पाणी देतात. ते आपण दिले नाही, ते आज द्यायचे. पण खोप दिसू लागली तशी तिची पावले जड झाली. आवडी कालवे फोडत बसली होती. तिने आईकडे पाहिले आणि कोयती खाली ठेवली, पण जागची हलली नाही.

“कशाला आलीस?”

“तुझ्याकडं राह्यला. ठेवशील तर.”

“दादा?”

“त्याचं घर त्याला. मी सांगून निघालेय.”

 तानी आणि बाकीच्या दोघी खोपीच्या दारात उभ्या होत्या. ठकाईही उभीच होती. माफी मागायचे शब्द तिला येत नव्हते आणि डोक्यावरच्या कळशीने मान दुखू लागली होती. शेवटी आवडी उठली, कळशी उतरवून घेतली. ठकाई वाकू लागली तशी तिने आईचा दंड धरला.

“तू नको वाकू, आये. घर सोडून आज तू आलीयस. पाय तुझे धुवायचे.”

आणि तिने ते पाणी आईच्या पायांवर ओतले. ठकाई तेव्हा रडली. पुतळा पेटवला त्या दिवशीही ती रडली नव्हती, असे सांगतात.

मासळी चढली की नाही, हे काकींना विचारले तर त्या म्हणतात, “चढली असेल. मासळी काय, येते नि जाते.” पण कौल मिळाल्यावर खोपीला हात लावायची कोणाची छाती झाली नाही, एवढे खरे. पावसाळ्याआधी रावजी आपल्या गोठ्याचे वासे काढून घेऊन आला आणि मुकाट्याने खोपीवर छप्पर चढवू लागला. काम संपल्यावर तो तसाच निघाला, तेव्हा ठकाईने हाक मारली, “जेवून जा रे.” त्याने अंगणात बसून भाकरी खाल्ली. वाढले ते आवडीने. त्याने पुन्हा भाकरी मागितली आणि तिने ती वाढली. ठकाई त्या घरात अनेक वर्षे जगली आणि गेली तेव्हा तिला लेकाने आणि लेकीने मिळून खांदा दिला.

छपराच्या जागी कौले आली, कुडाच्या जागी जांभा आला. गलबते थांबली, विमाने सुरू झाली. कुवेतहून, मस्कतहून बायका येतात. कोणाचा पगार राहिलेला असतो, कोणाचे फोन उचलणे घरच्यांनी बंद केलेले असते. पोरे ओळखत नाहीत, असेही असते. वकीलबाई, शिलाई, दवाखाना, हे सारे दुसऱ्या दिवसापासून.

पहिल्या दिवसाची रीत मात्र आजही ठकाईचीच आहे. आलेल्या बाईला कोणी काही विचारत नाही. तिच्याआधी जी शेवटची आली असेल, ती कळशी घेऊन पायरीवर येते. परवा मस्कतहून एकजण आली, पिशवी छातीशी धरून अंगणातच थांबली. म्हणाली, मला फक्त एका रात्रीपुरते राहू द्या. कळशी घेऊन आलेली पोर स्वतःच महिन्याभरापूर्वी आलेली, अजून कोणाशी धड बोलत नव्हती. तिने खाली बसून त्या बाईच्या चपला काढल्या, पायांवर पाणी ओतले आणि महिन्याभरात पहिल्यांदा आपणहून बोलली.

“आत ये, ताई,” ती म्हणाली. “जागा हाय.”