दगडूचे उडालेले घास

वारा आला की बांबू जिथे एकमेकांशी कुरकुरत बोलतात, अशा एका वेळूच्या बनात वेणू नावाची नऊ वर्षांची मुलगी राहत होती. तिच्यावर एक मोठं संकट आलं होतं. तिचा धाकटा भाऊ जेवत नव्हता.

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं! आम्हीसुद्धा जेवत नाही! थांबा जरा. तुम्ही जेवत नाही म्हणजे ताटातली भाजी बाजूला सारता आणि मग गुपचूप डब्यातला लाडू पळवता. दगडूचं तसं नव्हतं. मागच्या थंडीत त्यांची आई देवाघरी गेली, आणि त्या दिवसापासून या तीन वर्षांच्या पोराने तोंडाला जणू कुलूपच घातलं. दोन घोट पेज घ्यायचा, तीही रडत रडत. नाव दगडू, पण उचलून घेतला तर रिकाम्या टोपलीएवढा हलका! गाल बसले होते आणि डोळे तेवढे टपोरे दिसत होते.

बाबा दिवसभर अंगणात बसून टोपल्या विणायचे आणि वेणू चूल सांभाळायची. रोज संध्याकाळी ती टिकलीएवढ्या भाकऱ्या थापायची, पिवळाधमक भोपळा शिजवायची, मुगाच्या आमटीवर हिरवीगार कोथिंबीर भुरभुरायची. मग दगडूला मांडीवर घेऊन, आई म्हणायची तसंच एका दमात म्हणायची, "हा घास चिऊचा, हा घास काऊचा, हा घास माऊचा, हा घास हम्माचा!" तुम्हालाही कुणीतरी असंच भरवलं असेल. तुम्ही मुकाट्याने तोंड उघडलं असेल. दगडू मात्र ओठ घट्ट मिटून भिंतीकडे वळायचा.

शेवटी सरूआत्याचा निरोप आला. सरूआत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. ती दोन डोंगरांपलीकडे एकटीच राहायची. "दादा, पोर वाळत चाललंय म्हणे. पौर्णिमेला मी येते. तोवर ते जेवायला लागलं नाही, तर मी त्याला माझ्या घरी घेऊन जाईन."

बाबांनी मान खाली घातली. "तिचं बरोबर आहे, वेणू. आपल्याला नाही जमत."

वेणूने दगडूला जवळ ओढलं. आई गेली, आता दगडूही जाणार? आणि पौर्णिमा तर अवघ्या तीन दिवसांवर आली होती!

दुसऱ्या दिवशी सकाळी ती घरामागच्या बागेत गेली. बाग कसली, आपोआप उगवलेली फुलंच ती. लालबुंद जास्वंद, गुलाबी तेरडा, केशरी झेंडू आणि मध्ये एक जुना सोनचाफा. दगडूने नाकारलेलं अन्न वेणू कधी उकिरड्यावर फेकायची नाही. चाफ्याखाली पानावर मांडून ठेवायची. शेजारी करवंटीत पाणी. ज्याला भूक असेल त्याने खावं! पण आज पान रिकामं होतं, कारण काल बाबांनीच शिळी भाकरी पाण्यात भिजवून संपवली होती.

"आज काहीच नाही?" चाफ्यातून बारीक आवाज आला.

वेणू दचकली. वर बघते तो काय! फांदीवर बुलबुलाएवढी एक परी बसली होती. पोपटी झगा, मोरपंखी टोपी आणि कांद्याच्या पापुद्र्यासारखे पातळ, चमचमणारे गुलाबी पंख! वेणूने डोळे चोळले, स्वतःला चिमटा काढला. परी तशीच बसलेली!

"पंधरा दिवस मी तुझ्याच हातचं जेवतेय," परी म्हणाली. "माझं नाव लुकलुकी. बघ, झगा किती घट्ट झालाय मला! परवाच्या आमटीत मीठ विसरलीस, पण भोपळा, अहाहा! आज मात्र पोटात कावळे ओरडताहेत."

परीला भूक लागते? परी भोपळा खाते? वेणूचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. पण भुकेलं कुणी समोर असलं की तिला राहवायचं नाही. तिच्या ओंजळीत तिची स्वतःची अर्धी भाकरी होती. ती तिने सगळीच्या सगळी परीपुढे धरली.

लुकलुकीने शेवटचा कण टिपला, बोटं चाटली आणि वेणूच्या कपाळावर चंदेरी धुळीचा एक ठिपका लावला.

"तीन संध्याकाळी, तीन इच्छा! पण नियम नीट ऐक हं. ताटं वाढून झाली, की तुझ्या तोंडून जे पहिलं वाक्य निघेल ते खरं होईल. नुसतं पहिलं! निघालेलं वाक्य मागे घेता येणार नाही. आणि कुणाला सांगायचं नाही."

वेणू आनंदाने गिरकी घेत घरी पळाली.

दिवेलागण झाली. ताटं वाढली. वेणूने छाती भरून श्वास घेतला आणि म्हणाली, "दगडूसाठी सोन्याच्या ताटात जिलब्या, श्रीखंड, पेढे आणि बुंदीचे लाडू येऊ देत!"

छुम्! अबब! झोपडी लखलखली. केशरी जिलब्यांचा डोंगर, पिस्त्याचं हिरवं श्रीखंड, मोत्यांसारखे लाडू! बाबांच्या हातातला पाण्याचा तांब्या धाडकन खाली पडला. आणि दगडू? तो आनंदाने नाचला असेल असं तुम्हाला वाटतंय ना? छे! त्या झगझगाटाने तो इतका घाबरला, की कोंबड्या झाकायच्या डालग्याखाली शिरून बसला आणि आतून भोकाड पसरलं. "नको! नको!" कितीही चुचकारलं तरी तो बाहेर येईना. शेवटी बाबांनी सगळी मिठाई वाडीतल्या पोरांना वाटून टाकली. सोन्याच्या ताटाचं तर सकाळी बघितलं तेव्हा पळसाचं पान झालं होतं. वेणू सुन्न होऊन त्या पानाकडे बघत राहिली. गोडाधोडानेसुद्धा हा पोरगा बधत नाही म्हणजे काय!

त्या दिवशी मात्र तिने पक्कं ठरवलं. दळताना, पाणी भरताना, केर काढताना ती एकच वाक्य घोकत राहिली. 'दगडू पोटभर जेवू दे. दगडू पोटभर जेवू दे.' संध्याकाळी तिने मुगाची मऊ खिचडी केली, वर तुपाचा एक थेंब सोडला आणि बोराएवढे पाच गोळे करून ताटलीत मांडले. दगडूला मांडीवर घेतलं. पहिला गोळा उचलला, आणि...

आणि काय सांगू! रोजची सवय हो! तिच्या तोंडून एका दमात निघून गेलं, "हा घास चिऊचा, हा घास काऊचा, हा घास माऊचा, हा घास हम्माचा!"

हातातला गोळा भुर्रकन उडाला!

वेणू किंचाळली. गोळा वळचणीला गेला आणि झोपायच्या तयारीत असलेल्या चिमणीच्या चोचीत जाऊन बसला. चिमणी बिचारी घरट्यातून पडता पडता वाचली. दुसरा गोळा खिडकीतून सुसाट सुटला आणि फणसावरच्या कावळ्याच्या आ वासलेल्या चोचीत पडला. तिसरा मांजरीने हवेतच झेलला. चौथा गोठ्याकडे गेला आणि तिथून वासराचं "हम्म्?" असं चकित हंबरणं ऐकू आलं. बाबा तर भिंतीला टेकून मटकन खालीच बसले.

"माझी इच्छा!" वेणूला रडूच फुटलं. "सगळं वाया घालवलं मी!"

ताटलीत एकच गोळा उरला होता. दगडू त्याच्याकडे बघत होता. मग त्याने चिमणीकडे बघितलं, मांजरीकडे बघितलं. रोज ताई नुसतं म्हणायची चिऊचा, काऊचा. आज तर खरंच सगळ्यांनी नेला! त्याचे गाल रागाने लाल झाले, नाकपुड्या फुगल्या, आणि आई गेल्यापासून कधी ओरडला नव्हता एवढ्या मोठ्याने तो ओरडला.

"माझा! हा माझा घास आहे!"

त्याने झडप घातली आणि गोळा तोंडात कोंबला. मांजरीकडे डोळे वटारून बघत चावला आणि गिळला. मग म्हणाला, "आणखी दे. तिला नको देऊ."

वेणूचं रडू जागच्या जागी थांबलं. बाबांच्या डोळ्यांतून मात्र धारा लागल्या. पातेल्याच्या तळाशी होती नव्हती तेवढी खिचडी दगडूने चाटूनपुसून खाल्ली, आणि एक डोळा सारखा मांजरीवर.

पण एका संध्याकाळच्या खिचडीने हाडांवर मांस चढतं का? तिसऱ्या दिवशी, पौर्णिमेच्या दुपारी, सरूआत्या दारात उभी राहिली. उंचनिंच, खणखणीत आवाजाची. हातात गाठोडं, गाठोड्यात दगडूसाठी निळं झबलं आणि लाल टोपडं. दगडूला उचलताच ती ओरडली, "अरे देवा! वजनच नाही याला! दादा, मी उद्या सकाळी घेऊन निघणार."

वेणूजवळ अजून एक इच्छा उरली होती. 'दगडू आमच्याजवळच राहू दे.' एवढंच तर म्हणायचं होतं!

संध्याकाळी तिने भोपळा किसला, त्यात ज्वारीचं पीठ, तीळ आणि मीठ घालून थालीपिठं थापली. दगडू शेजारी येऊन बसला. "मी करू?" त्याने विचारलं. वेणूने त्याचं इवलंसं बोट धरून थालीपिठाला मधोमध भोक पाडलं. मग काय, दगडूने एकेका थालीपिठाला इतकी भोकं पाडली की त्याची चाळणीच झाली! तव्यावर चर्र झालं, खमंग वास सुटला. आपण भोकं पाडलेलं थालीपीठ दगडू दुसऱ्या कुणाला थोडंच देणार! त्याने ते बोटात अंगठीसारखं घातलं आणि कडेने कुरतडायला सुरुवात केली. आत्या डोळे फाडून बघत राहिली.

ताटं वाढली गेली. वेणूने ओठ ओले केले. आता म्हणायचं.

तेवढ्यात तिची नजर आत्याच्या पायांकडे गेली. दोन डोंगर उतरून ते सुजले होते. आत्याने आपलं ताट हळूच बाजूला सारलं होतं. वाढलेल्या ताटावर कसं बसायचं हेच जणू ती विसरली होती.

"आत्या, आधी तू जेव गं, आमच्यात बसून, अगदी पोटभर जेव!"

बोलून गेली, आणि मग वेणूच्या ध्यानात आलं. हे पहिलं वाक्य होतं! शेवटची इच्छा! तिने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं, पण आता काय उपयोग? दगडू जाणार. उद्या सकाळी जाणार.

आत्या जेवायला लागली. एक थालीपीठ खाल्लं, दोन खाल्ली, चार खाल्ली, सात खाल्ली! बाबा तोंडात बोट घालून मोजत होते. आठव्या थालीपिठाशी आत्याचा हात थांबला आणि ती खणखणीत आवाजाची बाई हुंदके देऊन रडायला लागली.

"काय झालं, आत्या? तिखट लागलं?" वेणू घाबरली.

"नाही गं, पोरी. मला 'जेव' म्हणणारं वर्षानुवर्षं कुणी भेटलं नाही. मीच रांधते, मीच खाते, भिंतीकडे तोंड करून." तिने पदराने डोळे पुसले. "खरं सांगू, दादा? मला वाटलं, दगडू वाळतोय तर मी नेते त्याला. पण खरं म्हणजे माझंच घर सुनं आहे रे. मला कुणीतरी जेवायला सोबत हवं होतं."

बाबा तिच्या शेजारी सरकले. मग हळूच म्हणाले, "मग तूच ये की इकडे, सरू."

"येऊ?"

"ये!" दगडू ओरडला. तोंडात थालीपीठ होतं, त्यामुळे पीठच जास्त उडालं.

आत्या रडता रडता हसली. "कुणी कुठे जात नाही. मीच येते. उद्या जाऊन माझी शेळी आणि भांडी घेऊन येते."

वेणूला आधी खरंच वाटेना. तिने आत्याकडे बघितलं, बाबांकडे बघितलं. दगडू जाणार नव्हता! इच्छा तर तिने आत्याच्या जेवणावर खर्च केली होती. मग हे झालं कसं?

खिडकीत गुलाबी उजेड लुकलुकला. लुकलुकी चौकटीवर बसली होती. वेणूखेरीज कुणालाच ती दिसत नव्हती.

"मी फक्त आत्याचं पोट भरलं," ती वेणूच्या कानाशी येऊन कुजबुजली. "बाकीचं तुझं आहे, वेणूबाई. जादूने एवढं जमत नाही गं." मग तिने पंख उघडले. सोनेरी, रुपेरी, पोपटी ठिणग्यांचा एक झोत उठला. साऱ्या झोपडीभर, टोपल्यांवर, तव्यावर, दगडूच्या पिठाळलेल्या नाकावर उजेडच उजेड झाला. आणि परी त्या उजेडातच विरून गेली.

"अगं!" आत्या एकदम दचकून ओरडली. ती परातीकडे बघत होती. परातीत एकही थालीपीठ उरलं नव्हतं. "वेणू, तुझं ताट कुठे आहे? तू काय खाल्लंस?"

वेणू गोंधळली. असं तिला किती दिवसांत कुणी विचारलं नव्हतं. "मी... माझं राहिलं. मला नाही तशी भूक."

आत्या कपाळावर हात मारत उठली. उरलेलं पीठ खरवडून तिने स्वतःच्या मोठ्या हातांनी एक जाडजूड थालीपीठ थापलं, भाजलं, आणि वेणूला ओढून मांडीवर बसवलं. नऊ वर्षांची घोडी मांडीवर! बाबा गालातल्या गालात हसले. आत्याने गरम तुकडा फुंकून फुंकून गार केला आणि वेणूच्या ओठांपाशी नेला.

"आ कर."

वेणूने तोंड उघडलं. एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला, मग तिने आत्याचा हातच घट्ट धरून ठेवला. आपल्याला केवढी भूक लागली होती, हे तिला तोपर्यंत ठाऊकच नव्हतं.