वीणेचा पहारा

"मग वीणा मला का नाही, बुवा?"

यदुनाथचा आवाज चढला होता. सप्ताह कालच संपला होता, मठाचा मांडव उतरायचा होता.

सप्ताहात नाम अखंड चालतं. वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते, जमिनीला टेकत नाही. या मठाची वीणा कायमची गळ्यात पडावी म्हणून तर यदुनाथ काशीची विद्या आटोपून परतला होता.

"तुम्हीच म्हणाला होतात. जो नाम तुटू देणार नाही, वीणा त्याची."

"म्हणालो होतो."

"मी तुटू दिलं नाही."

"नाही दिलंस." बुवा म्हणाले. "भागूमावशी हाका मारत होती, तेव्हासुद्धा."

...

भर दुपार होती. सगळे पंगतीला गेलेले. पहाऱ्यावर एकटा यदुनाथ. उन्हातून चालत आलेली म्हातारी भागूमावशी खांबाशी कोसळली. "लेकरा, पाणी..." म्हणाली. त्यानं डोळे मिटून आवाज वाढवला.

पंगत उठली तेव्हा मावशी गेलेली होती. ती हाका मारत असतानाही नाम तोडलं नाही, हे यदुनाथनंच बुवांना अभिमानानं सांगितलं होतं.

"वीणा खाली ठेवायला हवी होती का? व्रत मोडून?" यदुनाथनं आता विचारलं.

"काशीत गळा तयार करतात, हे ऐकून होतो. कानांचं काय करतात रे?"

यदुनाथ लाल झाला. "नाम कानावर पडत असताना गेली ती. असं मरण येतं कुणाला? भाग्याची म्हणायची!"



बुवा उठले. खुंटीवरची वीणा काढून त्यांनी त्याच्या गळ्यात घातली.

"धर पहारा. चालू कर नाम."

यदुनाथचे डोळे भरून आले. मिळाली! अखेर मिळाली! तारा छेडून त्यानं नाम धरलं. रिकाम्या मांडवात आवाज घुमू लागला. तो असा लागला, की त्याचं त्यालाच भान राहिलं नाही. बुवा खाली बसून ऐकत होते.

"पाणी..."

यदुनाथनं डोळे उघडले. बुवांचा हात छातीवर, मान कललेली.

"बुवा!"

नाम अर्ध्यावर तुटलं. वीणा तिथंच फरशीवर ठेवून तो धावला. हिंदकळता तांब्या घेऊन धापा टाकत आला.

बुवा ताठ बसले होते. तांब्याला त्यांनी हात लावला नाही.

फरशीवर पडलेल्या वीणेकडे ते पाहत होते.

"माझ्यासाठी बरी ठेवलीस रे खाली."