काळ्या धाग्याची हलकी सायकल

फार मागे, म्हणजे तुमच्या आजोबांच्या आजोबांनीही जे फक्त ऐकलं इतकं मागे, एका डोंगराळ राज्यात एक गाव होतं. तेव्हा राजे होते तर सायकली कशा होत्या, असं विचारणारा एक तरी शहाणा असतोच. होत्या म्हणून समज. बस खाली आणि ऐक.

गाव डोंगराच्या माथ्यावर होतं. बाजार, नदी आणि वैद्य पायथ्याला, मधे घाटाची वाट. त्या वाटेवर बैलगाडी चढत नसे. सायकल मात्र दगडाधोंड्यांतून जाई. म्हणून गावातल्या धडधाकट माणसांकडे सायकली असत, लोखंडी, जाड टायरच्या, मागे रुंद कॅरिअर असलेल्या.

त्या गावाची एक रीत होती. घाट उतरण्याआधी वेशीवरच्या उंबराखाली थांबायचं, घंटी तीनदा वाजवायची आणि विचारायचं, "कुणाचं काही?" मग कुणी खाली दिलेल्या लेकीसाठी लोणचं देई, कुणी निरोप देई, कुणी औषधाची रिकामी बाटली. कुणाचंच काही नसलं तर निघायचं. रिकामं उतरायला हरकत नव्हती, पण न विचारता कुणी उतरत नसे.

ह्या गावात एक तरुण राहत होता. त्याचं नाव मी सांगणार नाही. त्याला झाली तेवढी लाज पुरे आहे.

हा गडी डोंगरातला मध गोळा करी आणि सायकल मोठी झकास चालवी. त्याला सायकल शिकवली शेजारच्या गेनूनानांनी. लहानपणी हा वर बसे आणि नाना मागचं कॅरिअर धरून धावत. "पुढे बघ, मी आहे मागे," असं ओरडत ते उंबराला किती फेऱ्या मारत, ह्याची मोजदाद नाही. म्हणून मोठा झाल्यावर तो नानांचं एक काम न सांगता करी. नानांच्या बायकोला, सारजाकाकूंना दमा होता. दर आठ दिवसांनी वैद्याकडून काढ्याची बाटली तोच भरून आणी. पाच वर्षं आणली. हे त्याच्या बाजूने सांगायला हवं, कारण पुढे त्याच्या बाजूने सांगण्यासारखं फार काही नाही.

दर वर्षी भातकापणी झाली की राजा शर्यत लावी. नदीपासून निघायचं, घाट चढायचा, उंबराला बांधलेल्या तोरणाखालून जायचं. पहिल्याला राजाचा फेटा. आपला गडी तीन वर्षं दुसरा आला. आता तिसऱ्या आलेल्याला रात्री झोप लागते, पण दुसऱ्याला लागत नाही. एका चाकाएवढं अंतर त्याला खात राहतं.

तो राजधानीत एका म्हाताऱ्या कारागिराकडे गेला. हा कारागीर कार्बनच्या काळ्या धाग्याचं कापड डिंकात भिजवी, थरावर थर बसवी आणि भट्टीत भाजून सायकलीचे भाग करी. तरुणाने एक हँडल उचलून पाहिलं. हातात काही आहे की नाही, असं त्याला वाटलं.

कारागीर म्हणाला, "हलकं आहे, चढावर ताठ राहतं. पण ऐकून ठेव. लोखंड आधी वाकतं, मग मोडतं, तुला सावध व्हायला वेळ देतं. हे वाकत नाही, एकदम तडकतं. स्क्रू आवळायचा तो बेतानं. आणि ह्याच्यावर काही बांधायचं नाही. ह्याला कॅरिअर लागत नाही."

"मग सामान कुठे ठेवायचं?"

"सामान नेणाऱ्यांसाठी मी हे करत नाही, बाबा."

गड्याने मध दिला आणि हँडल घेतलं. पुढच्या खेपेला सीटची दांडी घेतली, तेव्हा दांडीला बांधलेलं कॅरिअर निघालं. मग चाकं बदलली, मग पुढचं चाक धरणारा चिमटा, शेवटी अख्खी फ्रेम. जुना एकेक भाग तो घरामागे टाकून देई. एकदा शेजारची चिमाक्का कुंभारीण म्हणाली, "टाकतोस ते मी नेऊ का रे?"

"न्या की अक्का. गंज आहे नुसता."

सायकल इतकी हलकी झाली की तो ती एका बोटावर उचलून दाखवी. लोक म्हणत, "वा!" आणि मागे हसत. न्हावी म्हणाला, "मिश्या पण काढून टाक, तेवढंच वजन कमी." त्याने खरंच काढल्या. अंगात आलेल्या माणसाला चेष्टा कळत नाही.

शेवटी उरली घंटी. ती लहानपणी पडून चेपली होती, दुसऱ्या ठोक्याला तिचा आवाज खरखरे. त्याने तोलून पाहिली. छटाकभर भरली. तीही काढून टाकली.

आता घंटी नाही म्हटल्यावर उंबराखाली थांबायचं कशाला? आणि थांबलं तर विचारावं लागणार, विचारलं तर न्यावं लागणार. तो करवंदीच्या जाळीतली मागची वाट धरू लागला. सरावाला जातोय, कुणाचा वेळ कशाला घ्या, असं तो स्वतःला सांगे. पण खरं काय ते त्यालाही कळत होतं, नाहीतर उंबराकडे न बघता माणूस मान वळवून कशाला जाईल?

गेनूनाना दोन आठवडे बाटली घेऊन उंबराखाली उभे राहिले. तिसऱ्या आठवड्यात ते त्याच्या दारात आले.

"अरे, जाताना दिसला नाहीस."

"नाना, आता कॅरिअर नाही ना सायकलला. बाटली ठेवू कुठे?"

"खिशात?"

"चढावर खिसा जड होतो, नाना."

नाना हसले. "बरं बरं. तू शर्यतीचं बघ," म्हणाले आणि बाटली घेऊन परत गेले. पुढे काही दिवस गावातल्या इतर सायकलवाल्यांनी काढा आणून दिला.

शर्यत आली. आदल्या दिवशी सगळे शर्यतवाले खाली मुक्कामाला गेले. जाण्याआधी बाकीच्यांनी विचारलं होतं, पण बाटलीत तेव्हा दोन दिवसांचा काढा होता. पहाटे सारजाकाकूंना धाप लागली आणि दोन दिवसांचा काढा एका सकाळी संपला. गावात सायकल चालवणारं कुणी उरलं नव्हतं. सत्तरीचे नाना काठी टेकत घाट उतरले, बाटली भरून घेतली आणि परत चढायला लागले.

इकडे नदीवर नगारा वाजला. आपला गडी पहिल्याच वळणावर सगळ्यांच्या पुढे गेला. काळ्या धाग्याची सायकल खरंच फार हलकी होती, त्याबद्दल कारागिराला बोल लावता येणार नाही. तिसऱ्या वळणावर मागे कुणी दिसेना. चौथ्या वळणावर, वाटेच्या कडेला, एका दगडाला टेकून गेनूनाना बसलेले होते. पाय घसरून घोट्यात मुरगळला होता. बाटली त्यांनी छातीशी धरली होती.

त्याला पाहताच त्यांचा चेहरा उजळला. "पोरा, माझं राहू दे," ते म्हणाले, "एवढी बाटली वर पोचव. सारजाला धाप लागलीय."

हे त्याने ऐकलं. ऐकू आलं नाही, असं तो पुढे कधीही म्हणाला नाही.

थांबून तरी काय करणार, असं त्याच्या मनात आलं. कॅरिअर नाही, पिशवी नाही, खिसासुद्धा शिवून टाकलाय. एका हाताने हँडल धरून हा चढ चढवत नाही. मागून सात जण येतायत, कुणीतरी घेईलच. सबबी त्याला शोधाव्या लागल्या नाहीत. एकेक भाग बदलताना त्याने त्या आधीच करून ठेवल्या होत्या.

"मागून येतायत नाना!" तो ओरडला आणि त्याने जोर लावला.

नानांनी बाटली पुढे धरली होती. पाच वर्षं ज्याने आणली तो घेणार नाही, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. रुंद काळ्या हँडलचं टोक बाटलीला लागलं. मागे दगडावर काच फुटल्याचा आवाज झाला. तोही त्याने ऐकला. तो थांबला नाही.

तोरणाखालून तो पहिला गेला. ढोल वाजले. राजाच्या माणसाने त्याच्या डोक्यावर फेटा ठेवला. मग सगळे दुसऱ्याची वाट पाहू लागले.

कुणी आलं नाही. ढोलवाल्यांचे हात दुखले, ते थांबले. सावल्या उंबराच्या बुंध्यातून निघून पारापर्यंत आल्या, तरी वाटेवर कुणी दिसेना. लोक म्हणाले, "काय रे, बाकीचे कुठे गेले?" फेटा घातलेला आपला गडी म्हणाला, "येतील," आणि वाटेकडे पाठ करून उभा राहिला.

शेवटी एक सायकल आली. तीन वर्षं पहिला येणारा तो, घामाने निथळत, सदऱ्यात काहीतरी खोचलेलं. लोक ओरडले, "दुसरा आला!" पण तो तोरणाकडे वळलाच नाही. तसाच पुढे गेनूनानांच्या दाराशी गेला, सायकल टाकली आणि आत शिरला. तो चौथ्या वळणावरून उलटा फिरून वैद्याकडे गेला होता आणि नवी बाटली घेऊन अख्खा घाट पुन्हा चढला होता.

आणि मग खालून घंटी ऐकू आली. तीन ठोके. दुसरा खरखरला.

ती घंटी आपल्या गड्याने ओळखली. वळणावरून चिमाक्का आली. आदल्या दिवशी मडकी घेऊन बाजारात उतरलेली ती परत येत होती. तिच्या हातात त्याचंच जुनं हँडल होतं, खाली त्याचीच लोखंडी फ्रेम, त्याचीच चाकं. त्याने टाकलेल्या एकेका भागाची तिने पुन्हा सायकल उभी केली होती. कॅरिअरवर घोंगडी, घोंगडीवर गेनूनाना. आणि उरलेले सहा शर्यतवाले आपल्या सायकली वाटेत सोडून ती सायकल मागून ढकलत होते.

 नानांनी वर पाहिलं आणि म्हणाले, "फेटा शोभतो रे तुला."

त्याला वाटलं, त्यांनी एक थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

तो नानांच्या घरी गेला. दारात पोचला तेव्हा फेटा डोक्यावर नव्हता, हातात होता. सारजाकाकूंनी काढा घेतला होता, धाप उतरत होती. भिंतीला टेकून त्या हळूहळू श्वास घेत होत्या.

"काकू, बाटली माझ्यामुळे फुटली," तो म्हणाला.

काकूंनी काढ्याची वाटी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "ढोल वाजला ना, तेव्हा मला बरं वाटलं. म्हटलं, आपला पोरगा पहिला आला, म्हणजे वाटेत ह्यांच्याकडून घेतलेली बाटली आली. मग वाट बघत बसले."

 तो खाली मान घालून उभा राहिला. ती मान पुढे पुष्कळ दिवस वर झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो चिमाक्काकडे गेला आणि कॅरिअर मागितलं. तिने काढून दिलं. त्याने ते काळ्या दांडीला बांधलं आणि बसेना म्हणून आवळलं, आणखी आवळलं. दांडी कडकन तडकली. कारागिराने आधीच सांगितलं होतं.

तो कॅरिअर परत घेऊन आला. "अक्का, तुमची सायकल द्या. आठवड्याची बाटली मी आणत जाईन."

"सायकल मिळायची नाही," चिमाक्का म्हणाली. "तू टाकलीस, मी उचलली. बाटली मी आणते आता."

"मग मी काय करू?"

"चढावर मला दम लागतो. मागून ढकल."

तेव्हापासून दर आठ दिवसांनी चिमाक्का उंबराखाली घंटी वाजवी, "कुणाचं काही?" असं विचारी, आणि तो तिच्या मागे कॅरिअर धरून चाले. जिथे नानांचा हात असे, तिथेच त्याचा हात होता. नानांचा पाय पुन्हा नीट झाला नाही. पारावर बसून ते त्याला जाताना बघत आणि म्हणत, "पुढे बघ रे." त्यांच्याकडे बघायला मात्र त्याला फार दिवस लागले.

त्या वर्षीच्या शर्यतीत दुसरा कुणीच आला नाही, असं राज्याच्या दप्तरात लिहिलं आहे. गावात आजही ही गोष्ट सांगतात, पण त्या तरुणाचं नाव घेत नाहीत. घ्यायची गरजही पडत नाही, कारण गोष्ट सांगणारा प्रत्येक जण कधी ना कधी तोच झालेला असतो.

म्हणून लहानांनो आणि थोरांनो, एवढं ध्यानात धरा: दुसऱ्याचं ओझं टाकून जो हलका होतो, त्याला पहिलं येऊनही मान वर करता येत नाही.