लंगड्या पाखरीची धाव

बसा. ऐसपैस बसा, पण माझ्या घोंगडीवर पाय देऊ नका. का, ते शेवटी सांगतो. आणि त्या कुत्रीच्या कानाला हात लावायची कुणाला हौस असेल, तर आधी तिला तुमचा हात हुंगू द्या. कोकरवाडीत कुत्र्याला विचारल्याशिवाय कुणी हात लावत नाही.

तर फार मागची गोष्ट. किती मागची म्हणाल, तर माझ्या आज्याच्या आज्याला विचारलं असतं तरी तो "लई मागची" एवढंच म्हणाला असता. त्या काळी या माळावरून तांडे जायचे. घोडे, उंट, हिंग, बदाम, काय काय घेऊन यायचे. माणसं काबूलकडची, कुणी त्याच्याही पलीकडची. तुम्ही शाळेत त्या अख्ख्या मुलखाला आशिया खंड म्हणता. आमच्या लोकांना खंड ठाऊक नव्हता, कुत्री ठाऊक होती. तांडा आला की गाव उंट सोडून कुत्री बघायला धावायचं. हिमालयापलीकडचं एक असायचं अस्वलाएवढं, मानेभोवती आयाळ, भुंकलं की बैल दावं तोडायचे. चीनकडचं एक चपट्या नाकाचं, ते म्हणे व्यापाऱ्याच्या बाहीत झोपायचं. बाहीत कुत्रं! आणि काबूलकडची ती उंच, सडपातळ, निमुळत्या तोंडाची, कानांवर रेशमासारखे केस असलेली. ती पळाली की त्यांची सावली मागं राहायची, असं म्हणतात.

गावात तेव्हा म्हाकूबाई नावाची धनगरीण होती. नवरा गेलेला, पोरबाळ नाही, मेंढरं मात्र वाडाभर. स्वभावानं तिखट. गावचा पाटील आला तरी म्हणायची, "उभा ऱ्हाऊ नगंस, ऊन अडतंय माझं." पण कोकरू आजारी पडलं की त्याला मांडीवर घेऊन अख्खा दिवस बसेल.

एका सकाळी तांडा निघून गेला आणि माळावरच्या बाभळीखाली एक काबूलकडची कुत्री मागं राहिली. मागचा पाय मोडलेला, पोटात पिल्लं. व्यापारी तरी काय करणार, पुढं घाट होता. तो जाताना रडत होता, असं म्हणतात. कुत्री तांड्याच्या वाटेकडं तोंड करून पडली. कुणी भाकरी टाकली, कुणी दूध ठेवलं, तिनं ढुंकून पाहिलं नाही.

म्हाकूबाई आली. तिनं खांद्यावरची काळी घोंगडी काढली. लोकर तिच्याच मेंढरांची, सूत तिनंच काढलेलं, एवढी एकच घोंगडी तिच्यापाशी. ती तिनं कुत्रीखाली सारली आणि शेजारी बसून भाकरी खायला लागली. बोलली नाही, चुचकारलं नाही. एक घास स्वतः खायचा, एक घोंगडीवर ठेवायचा. दिवस गेला, दुसरा गेला. कुत्री घोंगडी हुंगायची आणि तोंड फिरवायची. मग एका सकाळी तिनं घोंगडी हुंगली, म्हाकूबाईचा हात हुंगला, आणि घास उचलला. म्हाकूबाई ढसाढसा रडली आणि कुणी बघितलं तर म्हणून लगेच मेंढरांवर खेकसली.

कुत्रीचं नाव ठेवलं पाखरी. पाय जुळला, पण वाकडा. गावाला थट्टेला विषय झाला. "म्हाकू, तुझी काबुलीण कासवासंगं शर्यत लावणार हाय म्हनं!" म्हाकूबाई म्हणायची, "लावंल. तुला काय घाई हाय?" पण खरं सांगायचं तर पाखरी कधीच पळाली नाही. मेंढरांमागं खुरडत जायची आणि खुरडत यायची. पिल्लं झाली तेव्हा पाखरीला दूध कमी पडलं, तर म्हाकूबाईनं त्यांना मेंढीला लावलं. मेंढीच्या दुधावर वाढलेली ती पिल्लं कोकरांच्या अंगावर झोपायची आणि लांडगा दिसला की वाऱ्यासारखी सुटायची. त्या वर्षी माळावर एकही कोकरू गेलं नाही.

ही गोष्ट गढीवर गेली. गढीचे सरदार सर्जेराव शिकारीचे भलते शौकीन. माणूस वाईट नव्हता, पण मागायची सवय नव्हती. हवं ते उचलायचं, एवढंच ठाऊक. त्यांचे स्वार आले आणि पिल्लं उचलली. त्यांचा कारभारी म्हणाला, "आईलाही घ्या, म्हणजे पिल्लं रमतील." म्हाकूबाई घोड्याच्या आडवी पडली. तिला बाजूला केलं आणि पाखरीला उचलून नेलं.

आता गढीवर काय झालं ऐका. तिथल्या लोकांनी कौतुकानं कुत्र्यांना शिकेकाईनं न्हाऊ घातलं! अंगाला अत्तर लावलं! मखमलीच्या गाद्या, चांदीच्या साखळ्या, पुढ्यात मटण. अरे शहाण्यांनो, कुत्र्याचं घर त्याच्या नाकात असतं, तेच तुम्ही धुऊन टाकलंत. पाखरीनं मखमलीवरून उठून फरशीवर अंग टाकलं आणि तोंड फिरवलं. आईनं तोंड लावलं नाही, म्हणून पिल्लांनीही लावलं नाही. फासळ्या मोजून घ्याव्यात अशी झाली सगळी.

गावात बातमी आली. लोक म्हणाले, "म्हातारे, गप बस. कुत्री खाईनात, सरदार कंटाळंल, आपसूक परत धाडंल."

म्हाकूबाई म्हणाली, "धाडंल रं. पन जित्ती धाडंल का?"

पौषाचे दिवस. माळावर वारा असा की डोळ्यांतून पाणी काढील. ती एकटी चालत गढीवर गेली. पहारेकऱ्यानं हटकलं तर म्हणाली, "तुझ्या धन्याचं जेवान न्हाई अडवायला आले. माझ्या लेकरांचं सोडवायला आलेय."

सर्जेराव स्वतः बाहेर आले. त्यांनाही काळजी लागलेली होती. म्हाकूबाई कुणाला न विचारता चौकात बसली आणि घोंगडी अंथरली. पाखरी साखळीसकट सरपटत आली आणि तिनं घोंगडीत तोंड खुपसलं. पिल्लं येऊन तिच्यावर कोसळली. म्हाकूबाईनं पदराला बांधलेली भाकरी सोडली. एक घास स्वतः खाल्ला, एक घोंगडीवर ठेवला.

"खा गं बाय," ती म्हणाली. "हितंच खायाचं आता."

पाखरीनं तिच्याकडं खूप वेळ पाहिलं, असं म्हणतात. मग खाल्लं.

सर्जेरावांचा जीव भांड्यात पडला. म्हणाले, "म्हातारे, काय देऊ तुला?"

"काय नगं. घोंगडी काढू नगासा. तिच्यावरच घास ठेवत जावा. जगत्याल."

एवढं बोलून ती उठली आणि पातळाच्या पदरावर त्या वाऱ्यात निघाली. एकदाही मागं वळली नाही. वळली असती तर पाय निघाला नसता. आपली एकुलती एक ऊब आणि आपली लेकरं, दोन्ही एकाच ठिकाणी ठेवून चालली होती ती. हे सांगताना मला अजून गलबलून येतं, हसायचं तर हसा.

अर्ध्या माळावर तिचे पाय थांबले. दात वाजायला लागले. ती त्याच जुन्या बाभळीखाली बसली, आणि बसली ती तिला उठता येईना.

तिकडं गढीवर पाखरी उभी राहिली. वाऱ्याची दिशा फिरली होती. तिनं नाक वर केलं, घोंगडी दातांत धरली आणि मान झटकली. चांदीची साखळी सुतासारखी तुटली, असं म्हणतात. ती वाकड्या पायाची, कधी न पळालेली कुत्री सुटली. गढीचा तट एवढा, की घोड्यावर उभं राहून हात पोचत नव्हता. ती घोंगडीसकट त्यावरून गेली. पिल्लं मोरीतून घुसून तिच्यामागं!

सर्जेराव ओरडले, "घोडा आणा!" त्यांच्या घोड्याला पंचक्रोशीत तोड नव्हती. पण रानातली माणसं सांगायची की आधी एक काळी घोंगडी माळावरून उडत गेली, तिच्याखाली पाय दिसत नव्हते, आणि धूळ बसून गेल्यावर मग कुठं घोडा आला. ती पळाली ती वाट आजही ओळखू येते. तिथं कुसळ उगवत नाही.

दिवस मावळायच्या आत सर्जेराव बाभळीपाशी पोचले. म्हाकूबाई घोंगडीखाली पडली होती. घोंगडीवर पाखरी आडवी, पाखरीभोवती पिल्लं. म्हातारीच्या गालाला ऊब आली होती.

सरदार घोड्यावरून उतरले. पाखरी गुरगुरली नाही, नुसतं पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसानं मागितलं. म्हणाले, "म्हातारे, एक पिल्लू देशील का?"

म्हाकूबाईनं डोळे उघडले. "आधी इचारलं असतं तर तवाच दिलं असतं की!"

सरदारांनी अंगावरचा शेला काढला आणि पाखरीपुढं ठेवला. घोड्याच्या घामाचा, माणसाच्या अंगाचा वास असलेला शेला. पाखरीनं हुंगला. मग बऱ्याच वेळानं त्यावर पंजा ठेवला. शेला तिथंच राहिला, पिल्लं त्यावर लोळली, आणि पुढं थंडी सरल्यावर त्याच शेल्यात गुंडाळून एक पिल्लू सर्जेरावांनी स्वतःच्या छातीशी धरून नेलं. ते गढीवर पहिल्याच दिवशी जेवलं. या भागात आज जी काबुली अंगलटीची, लांब तोंडाची कुत्री दिसतात, ती सगळी पाखरीची, असं म्हणतात.

पाखरी त्यानंतर कधी पळाली नाही. पुन्हा खुरडतच चालली. लोकांनी थट्टा मात्र केली नाही. म्हाकूबाई आणि ती एकाच वर्षी गेल्या आणि त्याच बाभळीखाली शेजारी शेजारी आहेत.

म्हणून आमच्या गावात पिल्लू विकत नाहीत. ज्याला हवं असेल त्यानं स्वतःचं पांघरूण कुत्रीपाशी आणून ठेवायचं. ती त्यावर झोपली तर पिल्लू न्यायचं, नाही झोपली तर गुमान घरी जायचं. मागं एक मोठा अधिकारी आला होता, त्याच्या दुलईवर ती झोपली नाही. त्यानं गावाला पुष्कळ ऐकवलं. आम्ही कुत्रीला सांगून बघितलं, ती ऐकेना, मग आम्ही काय करणार?

आणि पौषात पाखरीची जत्रा भरते. गावातल्या सगळ्या मेंढरांची थोडी थोडी लोकर घेऊन एक काळी घोंगडी विणतात. गावची पोरगी ती खांद्यावर टाकून गढीपासून बाभळीपर्यंत पळते आणि सगळी कुत्री तिच्यामागं. पहिलं कोण आलं ते कुणी बघत नाही. बाभळीपाशी घोंगडी पाखरीच्या समाधीच्या दगडाला टेकवतात आणि मग तिथून ती गावात ज्याचं कुणी उरलं नाही त्याच्या घरी नेतात आणि त्याच्या अंगावर घालतात.

माझी बायको गेली गेल्या दसऱ्याला. पोरगा नाही, पोरगी नाही. पौषात सगळं गाव वाजत गाजत माझ्या दारात आलं. मी म्हटलं, मला नको, मी धडधाकट आहे. कोण ऐकतंय!

ही तीच घोंगडी. आणि ही कुत्री माझी नाही बरं का, मी पाळलेली नाही. त्याच दिवशी जत्रेतून मागोमाग आली, घोंगडी हुंगली, आणि झोपली ती झोपलीच.